पिवळ्या चेहऱ्याची बाई

दादा भुताच्या सिनेमांची पोस्टरं रंगवायचा आणि मी ती भिंतींवर चिकटवायचो. म्हणून त्यानं मला ‘चिकट्या’ नाव ठेवलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण कुठलं पोस्टर कुठल्या थिएटरला न्यायचं यात माझी गफलत व्हायची नाही. दादानं खुणा शिकवून ठेवल्या होत्या. हिरवा चेहरा म्हणजे प्रेत. निळा म्हणजे भूत. पिवळा म्हणजे अजून मरायचा आहे. बाकी मग दार, मेणबत्ती, मांजर, हात यांवरून सिनेमा कळायचा. अक्षरं मी फार उशिरा शिकलो, वहिनीकडून. तिनं ती पोस्टरांवरच्या नावांवरूनच शिकवली, त्यामुळे मला नीट लिहिता आलेला पहिला शब्द ‘खून’.

वहिनीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादाच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून चालली आहेत. मी अजून आहे. पोटची मुलगी मात्र त्याला नर्स वाटते. ती त्याची दाढी करते, त्याला भरवते, आणि तो अदबीनं विचारतो, “बाई, तुमची ड्यूटी संपली का?”

एकदा तिनं त्याच्या हातात आईचा फोटो दिला. त्यानं तो उलटा करून मागं काय आहे तेही पाहिलं आणि परत दिला. “कुणाच्या आहेत या?”

पण पोस्टर दाखवा! माळ्यावरच्या गुंडाळीतलं एखादं काढून, नावाची पट्टी मागं दुमडून समोर धरलं, की दादा खुर्चीत ताठ व्हायचा. “‘राखेतला हात’. हात चिकट्याचा आहे, नखं बघा किती घाण.” एकदाही चुकला नाही. त्यावरूनच पुतणीच्या मनानं घेतलं.

“काका, आईचं चित्र असलेलं एखादं पोस्टर नाही का?”

होतं. ‘आरशामागची’. त्या वेळी कंपनीकडून नटीचे फोटो वेळेवर आले नाहीत, म्हणून दादानं वहिनीलाच स्टुलावर बसवलं आणि हनुवटीखाली दिवा धरला. “ओरड,” तो म्हणाला. “काय ओरडू? तिकडं दूध उतू जाईल,” असं म्हणून ती हसत सुटली. शेवटी दादानं तिला जशीच्या तशी रंगवली, हनुवटीवरच्या तिळासकट. पिवळी.

घरातली प्रत ओलीनं गेली होती. पण बंद पडलेल्या थिएटरच्या मागच्या फळीवर आम्ही पोस्टरावर पोस्टर चिकटवत गेलो होतो, जुनं कधी काढलंच नव्हतं. पुतणी आणि मी तिथं गेलो. “न्या की, उंदरांचं तेवढंच नुकसान,” वॉचमन म्हणाला. सुरीनं कापून काढलेली ती थप्पी गोधडीसारखी जाड निघाली.

घरी फरशीवर अंथरून आम्ही तिच्यावर गरम पाण्याचे टॉवेल टाकले. खळ सुटू लागली तसा एकेक थर निघू लागला आणि दादा खुर्चीतून ओळखू लागला. “हे ‘सातव्या खिडकीतला’. हे ‘ओली पावलं’, याचं मांजर मला जमलंच नाही, डुकरासारखं झालंय.” पुतणी खदखदून हसली. बापलेक एका गोष्टीवर हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

‘तळघरातला शिंपी’ आला, तेव्हा मला माहीत होतं की याच्या खाली वहिनी आहे.

कडा सुरेख सुटल्या. मधलं काही केल्या सुटेना. चेहऱ्याच्या जागी मी नेहमी दुप्पट खळ लावायचो. वाऱ्यानं कड फाटली तर चालतं, चेहरा गेला तर पोस्टर गेलं.

“काय लावलंय काका तुम्ही हे!” पुतणी नखानं खरवडत म्हणाली.

“पक्कं काम आहे ते,” दादा वरून म्हणाला. “चिकट्याचं आहे.”

टॉवेल बदलत, फुंकर घालत, कापसानं पुसत आम्ही तिला मोकळी केली. एका गालावर शिंप्याची कात्री राहिली ती राहिलीच. पण डोळे आले, तीळ आला, हसू दाबून उघडलेलं तोंड आलं. पुतणीनं ओला कागद पाटावर घेतला, दादासमोर धरला आणि मुद्दाम आपला चेहरा चित्राच्या शेजारी आणला.

दादा खुर्चीत ताठ झाला.

“‘आरशामागची’,” तो म्हणाला. “पिवळ्यात जरासा तांबडा आहे. दिव्याचा.”

“आणि ही कोण, बाबा?”

“मरणारी.”

“तसं नाही. ही बाई. तुम्ही स्टुलावर बसवली होती.”

“बसवली होती.” त्याच्या कपाळावर आठी आली. “सारखी हसायची. ओरड म्हटलं तर हसायची.”

पुतणीनं माझा दंड घट्ट धरला. “कोण होती ती?”

“असेल कुणी कंपनीची.” तो अजून चित्राकडेच बघत होता. “कुठं असते आता?”

तिला खोटं बोलता आलं नाही. “गेली, बाबा.”

“म्हणजे मेली?”

“हो.”

दादाचा चेहरा एकदम पडला. पुतणीनं पाट खाली ठेवून त्याचे दोन्ही हात धरले. मलाही क्षणभर वाटलं, दादा परत आला. त्यानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. खजील होऊन, कामात चूक सापडलेल्या माणसासारखं.

“मग हा रंग चुकला, चिकट्या. निळी हवी होती. अशीच लावलीस तू? निळा आण.”

पुतणी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला.

कागद वाळला तसा आखडला. तो आता कपाटावर पडून आहे. दादा तो मागत नाही, रोज निळा रंग मागतो. दाढीचा साबण लावता लावता पुतणी सांगते, “दुकान बंद आहे, उद्या आणू.” मग तो विसरतो, आरशात तिच्याकडे बघतो आणि अदबीनं विचारतो, “बाई, तुमची ड्यूटी संपली का?”

“नाही अजून,” ती म्हणते आणि हनुवटी वर करायला सांगते.