समुद्र नसलेल्या गावातली निळी ताडपत्री

मी एक जुनी, निळी, चार ठिकाणी फाटलेली ताडपत्री आहे. मावळातल्या टाकवे बुद्रुकच्या पलीकडच्या एका वस्तीत मी आता सरपणावर पडून असते. मित्रांनो, माझी हकिगत गोड नाही. तरीही ऐका.

एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून मला बनवले. कडांना पितळी कड्या ठोकल्या. दोन हजार वीसच्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ कोकणात शिरले, तेव्हा माझी घडी एका ट्रकमध्ये चढली. आम्ही सगळ्या किनाऱ्याकडे निघालो होतो. पण ते वादळ घाट चढून मावळातही आले होते. वाटेत लोकांनी ट्रक अडवला आणि आमच्यातल्या थोड्या तिथेच उतरवल्या.

मी भिकाजी आणि कस्तुराबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या वाट्याला आले. नात प्रेरणा त्यांच्याजवळ राहून बारावीची तयारी करत होती. त्यांच्या घराचे सगळे पत्रे उडाले होते. एक तर ओढ्यात कागदासारखा चुरगळून पडला होता.

"समुद्र कुटं, आमी कुटं!" भिकाजी म्हणाले. "उभ्या जल्मात बघितला न्हाई, आन् त्यानं घर नेलं."

मला भिंतींवर ताणून वर दगड ठेवले. पहिल्या पावसात एक थेंब आत गेला नाही. भिकाजींनी खालून मला हात लावून पाहिला. "लय भारी हाय," ते म्हणाले. "पत्रं येस्तवर निभंल."

तेव्हा मला फार अभिमान वाटला. तो चारच दिवस टिकला.

पाचव्या दिवशी पंचनाम्याला कारकून आला. तोंडाला मास्क, हातात छत्री. त्याने रस्त्यावरूनच वर पाहिले.

"मावशी, छत तर आहे की."

"भाऊसाहेब, ती ताडपत्री हाय. छत न्हाई. आत येऊन बगा."

"झाकलेलं आहे ना? मग 'किरकोळ नुकसान' असंच लिहावं लागेल."

तो आत आलाच नाही. माझ्यामुळेच त्या घराचे उघडेपण दिसले नव्हते.

तेवढ्या नोंदीवर पत्र्यांचे पैसे मिळणार नव्हते, म्हणून प्रेरणाने अर्ज लिहिला. महिन्याभराने निरोप आला की मंगळवारी पुन्हा पाहणी होईल. त्या दिवशी सकाळीच कस्तुराबाईंनी दगड बाजूला केले आणि मला खाली ओढले. भिकाजींची छाती दगडखाणीच्या कामाने आधीच खराब झाली होती. ते कोपऱ्यात छत्री धरून बसले. दुपारी पाऊस कोसळू लागला. चूल विझली. अंथरुणे भिजली.

"आजोबा, टाकू का परत वर?" प्रेरणाने विचारले.

"नगं. आज तरी नीट बगू दे त्यान्ला."

मी दाराजवळ घडी होऊन पडले होते. चार हातांवर तो माणूस कुडकुडत होता आणि मला उलगडून त्याच्यावर जाता येत नव्हते. अंधार पडेपर्यंत तिघे रस्त्याकडे बघत राहिले. कोणीही आले नाही. साहेब त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले होते, असे नंतर कळले.

भिकाजींना ताप चढला. कान्हे गावच्या दवाखान्यात नेले, पण आठव्या दिवशी ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसे जमली, तेव्हा मी पुन्हा छपरावर होते. खाली बुद्धवंदना चालू होती. माझ्यावर पाऊस वाजत होता आणि एक थेंबही आत जात नव्हता. ती माझी सगळ्यात निरुपयोगी मेहनत होती.

पत्रे आले ते दोन वर्षांनी. प्रेरणा कंपनीत कामाला लागली आणि तिच्या पगारातून ते आले. मला उतरवून सरपणावर टाकले. कस्तुराबाई रोज माझ्याखालून लाकडे काढतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचा राग मला समजतो.

गेल्या मे महिन्यात पुन्हा वावटळ आली आणि शेजारच्या नंदाबाईंचे छप्पर गेले. दुसऱ्याच दिवशी एक नवा कारकून कोरी ताडपत्री घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. नंदाबाई हात पुढे करणार, तोच कस्तुराबाई मध्ये आल्या.

"आदी आत जा. उघडं घर डोळ्यांनी बगा. हितंच बसून लिवा, हिला वाचून दावा. मग झाका."

"आजी, पाऊस येईल. आधी घालून तर घ्या."

"आमी भिजलो हाय, भाऊसाहेब. आज तुमी जरा भिजा."

त्या तरुणाने ताडपत्री खाली ठेवली. मग त्याने बूट काढले आणि वही घेऊन आत गेला.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू संकटात जरूर वाटा. पण दिल्यावर पाठ फिरवू नका. आम्हाला फक्त झाकता येते. खाली कोण भिजते आहे, ते वाकून तुम्हालाच बघावे लागेल.