डॉक्टरांची ऑस्टिन आणि जवसाचं तेल

माझा जन्म मोटारीत झाला. हे मी फुशारकीने सांगते, कारण फुशारकी मारावी असं आमच्या घरात तेव्हा दुसरं काही नव्हतं. बाबा राजूरच्या कोळसा खाणीवर कामाला होते. आई अडली, तेव्हा वणीचे डॉक्टर अनंतराव आपली ऑस्टिन मोटार घेऊन आले आणि भर दुपारी तिला मागच्या सीटवर झोपवून दवाखान्याकडे निघाले. आमच्या सावलीचाही लोकांना विटाळ व्हायचा, त्या काळातली ही गोष्ट. दवाखाना काही आला नाही; मीच आधी आले.

त्यानंतर डॉक्टरांनी आमच्याकडून कधीच काही घेतलं नाही. कोंबडी नेली तर परत, तुरीच्या शेंगा नेल्या तर परत. आईला हे फार खुपायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून नवससायास सुटले होते. ती म्हणायची, "पह्यले देवाले नारळ फोडून मोकळं होता ये. आता ज्यानं केलं त्याचेच उपकार फेडा लागते, अन् हा बाबा तं काईच घेत नाही."

एकसष्टच्या हिवाळ्यात डॉक्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. तेव्हा त्यांच्या पत्नी पद्मजाबाई आईला म्हणाल्या, "हे आले की मी ती गाडी भंगारात देऊन टाकणार आहे. दाराची नुसती शोभा जाते."

गाडी खरंच बघवत नव्हती. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून राखेत लोळल्यासारखी पांढरट झाली होती. हात लावला की बोटांना भुकटी लागायची.

"निळी होती हो पूर्वी," पद्मजाबाई म्हणाल्या. "दोनदा रंगारी बोलावला, दोन्ही वेळा यांनी त्याला हाकलून दिलं. का, ते विचारायची सोय नाही."

आई घरी आली ती पदर खोचूनच. "मायी नलू जिथं जलमली, थे भंगारात जाईन? म्या जित्ती असतानी? अवो, उठा!"

बाबांनी तोवर खाण सोडली होती. आता ते वणीत कापसाच्या जिनिंगच्या मागे एका छपरीत बैलबंड्या बांधायचे. पद्मजाबाईंनी डॉक्टर येईपर्यंतची मुभा दिली, आणि इंजिन बंद पडलेली ती ऑस्टिन बैलजोडी जुंपून छपरीत आली. बाबांनी ती धुतली, चारही बाजूंनी न्याहाळली आणि बंडीला द्यायचे तसं तिला जवसाचं तेल दिलं. सढळ हाताने, टपापासून चाकांपर्यंत. आम्ही झोपायला गेलो.

आता हंगाम कापसाचा, भिंतीपलीकडे जिनिंग चालू, आणि बाबांची छपरी चारही बाजूंनी उघडी. एवढी साधी गोष्ट अख्ख्या वणीत फक्त माझ्या वडिलांच्याच ध्यानात येऊ नये! सकाळी बघतो तर गाडीला लोकर फुटलेली. रात्रभर उडालेली सगळी रुई त्या चिकट तेलावर बसली होती. मला हसू आवरेना. आईकडे बघितल्यावर आवरलं.

"बंडीचं चाक हाय काय हे?" आई कडाडली. "गाडीले तेल कायले लावलं?"

"लाकूड तेल पेलं का जित्तं होते," बाबा पडेल आवाजात म्हणाले. "मले वाटलं, रंगाले बी तहान लागली असन."

"अन् डॉक्टर आज येऊन राह्यले! उपकार फेडाले गेलतो, अन् गाडीची मेंढी करून ठेवली!" आईचे डोळे भरले. आई रडते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं हसू पार विरलं.

मग तिनेच नाक पुसलं, जुनं लुगडं फाडलं, घासलेटात बुडवलं आणि दारावर खसाखसा घासायला सुरुवात केली. रुई निघाली. बोळा निळा झाला.

"थांब, रंग निघून राह्यला!" बाबा ओरडले.

पण निघाली होती ती वरची मेलेली भुकटी. तेलाने ती भिजून सैल झाली होती. खालून रंग आला तो गडद निळा. आई भिंतीकडे वळून गरजली, आणि जिनिंगमधल्या तिच्या मैत्रिणी सुटी होताच लुगडी खोचून आल्या. ज्या रुईने घात केला तिचेच बोळे करून आम्ही सगळ्याजणी गाडी घासत बसलो. त्या बायांचं ऋण मी अजून विसरलेले नाही.

मागच्या दारापाशी आईचा हात थबकला. रंग उजळला तसे तिथले ओरखडेही उघडे पडले होते, खिडकीपासून खाली ओढलेले, खोल.

"माया बांगड्या," ती हळूच म्हणाली. "कळ आली का दार धरो मी. फुटल्या व्हत्या साऱ्या." आणि मग, "आता डॉक्टरले काय तोंड दाखवू?"

बाबा रंग शोधायला धावले. तेवढ्यात पद्मजाबाईंबरोबर डॉक्टरच आले, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा लावून. चष्मा सावरून त्यांनी तो निळा रंग बघितला. मग सरळ मागच्या दाराशी गेले आणि बोटांनी ओरखडे चाचपले.

"आहेत," ते म्हणाले.

"चुकलं डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "हे आत्ता बुजवतो."

"खबरदार! रंगारी हेच म्हणायचा, आधी ओरखडे बुजवावे लागतील. म्हणून तर त्याला हाकलून दिलं."

डॉक्टर आईकडे वळले.

"सत्यभामाबाई, एकट्याने केलेलं ते माझं पहिलं बाळंतपण. माझे हात लटपटत होते. तुम्ही खेकसलात, 'डॉक्टर, बाळंत मी होऊन राह्यली, तुमी काहून कन्हता?' तेव्हा कुठे हात चालले. पुढे किती बाळंतपणं केली, पण भीती वाटली की या दाराला हात लावून मग बाळंतिणीकडे जायचो. तुम्ही काय आणून देत होता मला? देणं तर माझं होतं."

आईने हातातला बोळा बाजूला ठेवला आणि पदराने ते ओरखडे पुसले.

"गाडी दारातच राहील," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण सावलीत उभी करा."

बाबांनी बैल जुंपले. डॉक्टर पुढे बसले आणि मागचं दार उघडून मला म्हणाले, "बस, नलू. तुझीच जागा आहे."

मी बसले. आई माझ्याशेजारी बसली. बैल चालू लागले, गाडी हलली, तसा तिचा हात आपोआप खिडकीकडे गेला. पण दार धरण्याआधी तिने हातातल्या बांगड्या वर, कोपरापर्यंत सारल्या.