चौदा नंबरचा पट्टा

पूर्णिमा सरनोबतला रक्त काढताना शीर कधी चुकायची नाही, म्हणून तिला त्या प्रकल्पावर घेतलं होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं कोल्हापुरात दोन खोल्या घेऊन मेंदूच्या आजारांचा अभ्यास चालवला होता. घड्याळासारखा एक पट्टा माणसाच्या मनगटावर आठवडाभर बांधायचा. हात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका जरी अडखळला, तरी पट्टा ते टिपून ठेवायचा, आणि त्यावरून पुण्यातला कॉम्प्युटर सांगायचा, की ह्या माणसापुढं काय वाढून ठेवलंय.

आजारी माणसं मिळत होती. तुलनेला धडधाकट माणसं लागायची, ती मात्र मिळेनात. मग पूर्णिमानं घरचाच माणूस पुढं केला.

तिचा नवरा संग्राम त्रेचाळीस वर्षांचा. उद्यमनगरात लेथ मशीनवर होता. केसाएवढाही फरक चालत नाही असे भाग, कारखान्याच्या भाषेत जॉब, त्याच्याकडं यायचे. तरुणपणी तो पेठेच्या संघाचा गोलकीपर होता आणि शिवाजी पेठेत अजून चार माणसं त्याला त्यावरनंच ओळखायची.

"मला काय धाड भरलीया? बांध की," असं म्हणत त्यानं कागद न वाचताच सही ठोकली. पट्ट्यावर चौदा नंबर होता.

दहा दिवसांनी डॉक्टर धैर्यशीलांचा पुण्याहून फोन आला. प्रकल्प त्यांच्याच हाताखाली चालायचा.

"पूर्णिमाताई, चौदा नंबरचा माणूस पेशंटच्या यादीत का नाही?"

"तो पेशंट न्हाय, सर. माझे मिस्टर हाईत ते."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"पट्टा बिघडला असंल," तीच म्हणाली.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या घरात कुणाचे हातपाय आपोआप हलायचे का? आईचे, वडिलांचे?"

सासरे हार्ट अटॅकनं गेले होते. सासूबद्दल त्या घरात एकच वाक्य होतं: शेवंताबाई माहेरी कुरुंदवाडला गेली आणि तिथं तापानं वारली. संग्राम तेव्हा अकरा वर्षांचा. घरात तिचा फोटो नव्हता, आणि सासऱ्यांनी मरेपर्यंत कुरुंदवाडचं नाव काढू दिलं नाही. सोळा वर्षं संसार करून पूर्णिमाला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राम चहा पीत बसला होता. कप धरलेला हात स्थिर होता. दुसरा हात मांडीवर होता आणि त्याची करंगळी आपल्याच नादात उचलत होती, टेकत होती. त्याचं तिकडं लक्षही नव्हतं.

"मी जरा फिल्डवर जाऊन येतो," असं सांगून तिनं कुरुंदवाडची एसटी धरली.

माहेरचं आडनाव तेवढं ठाऊक होतं. पानपट्टीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नाचऱ्यांचं घर व्हय? सरळ जावा पावणं, पिंपळाच्या म्होरं."

नाचऱ्यांचं घर. पिंपळापर्यंत ती ते दोन शब्द मनात घोळवत गेली.

दारात एक म्हातारी हात पुसत आली. ही बनाबाई, संग्रामची मामी. "मी शेवंताबाईंची सून," म्हटल्याबरोबर तिनं चौकट धरली. कुठून आलीस, का आलीस, यातलं काहीच तिनं विचारलं नाही.

"पोरगं बरं हाय न्हवं?" एवढंच विचारलं.

आत जमिनीवर गादी घातली होती. कॉटवर ठेवलं की खाली पडतात, म्हणून. गादीवर केरबामामा होते. त्यांचा खांदा उडत होता, मान वळत होती, ओठ मुडपत होते, पाय झाडले जात होते. एका अंगात चार माणसं भांडावीत तसं चाललं होतं. डोळे मात्र शांत होते आणि ते सगळं समजत असलेल्या माणसाचे होते. त्यांनी काहीतरी विचारलं. शब्द तोंडातच वितळले.

"म्हणत्यात, शेवंताचं नाक हाय का त्याला," बनाबाईनं सांगितलं.

पूर्णिमानं मोबाइलमधला संग्रामचा फोटो त्यांच्यापुढं धरला.

"वन्सं बी अशाच झालत्या. ह्यांच्या आधी, ऐन तिशीत. तुझ्या सासऱ्यानं देवरुषी केलं, अंगारं लावलं आणि एक दिवस टेंपोतनं आणून सोडलं. सहा वर्सं ह्याच खोलीत काढली त्यांनी."

"सहा वर्सं?" पूर्णिमानं खोलीच्या चारी भिंतींकडं बघितलं. "आन् पोराला आई मेली म्हणून सांगितलं?"

"वन्संनीच सांगाय लावलं बाई. पोराच्या डोळ्यांनी हे बघाय नको म्हनल्या."

रविवारी सकाळी संग्राम गांधी मैदानाच्या पायऱ्यांवर पोरांचा सराव बघत बसला होता. पूर्णिमा शेजारी जाऊन बसली आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळी झाली. पट्टा, डॉक्टरांचा फोन, मामा, आई. पायऱ्यांवर आलेला चेंडू त्यानं पायानं थोपवला आणि पोरांकडं परत ढकलला.

"सहा वर्सं," तो म्हणाला. "एका एसटीच्या अंतरावर माझी आई जित्ती हुती."

"व्हय."

"आन् मी हितं तिच्या नावानं घास ठेवत हुतो."

ती रडायला लागली. "मी पट्टा बांधायला नको हुता, अवं."

"तू न्हाय बांधला म्हणून काय थांबलं असतं? तीन महिन्यात अकरा जॉब रिजेक्ट झाल्यात माझं. मी आपला मशीनला शिव्या घालतोय." त्यानं हात समोर धरून पालथा केला, सुलटा केला. "रक्त तपासायचं. काय ते एकदा कळू दे."

पुण्यात लगेच रक्त घेतलं नाही. आधी एका समुपदेशक बाईनं दोन वेळा समोर बसवून विचारलं, खरंच जाणून घ्यायचंय का? एकदा कळलं की न कळल्यासारखं करता येत नाही. संग्राम दोन्ही वेळा "व्हय" म्हणाला. निकालाला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत पूर्णिमा घरातल्या प्रत्येक भांड्याच्या आवाजाला दचकायला शिकली.

निकाल सांगताना डॉक्टर धैर्यशीलांनी आडपडदा ठेवला नाही. एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा वीस-पंचवीस वेळा यावा, तो संग्रामच्या रक्तात पंचेचाळीस वेळा आला होता. आजार हंटिंग्टनचा होता, आईकडून आलेला.

"औषध?" संग्रामनं विचारलं.

"हालचाली कमी करायला आहे. आजार थांबवणारं अजून नाही. परदेशात थेट मेंदूत जनुकाचं औषध सोडून बघतायत. वेग मंदावल्याच्या बातम्या आहेत, पण आपल्यापर्यंत कधी येईल, सांगता येत नाही."

"माझं नाव लिवून ठेवा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "मुलं किती?"

"एकच पोरगी. वर्षाराणी. बारा वर्सांची हाय."

"तिच्यात येण्याची शक्यता निम्मी. वडिलांकडून आलं तर कधी कधी ते लवकर दिसतं. पण अठरा पूर्ण होईपर्यंत तिची तपासणी करायची नाही. पुढंही तिनं स्वतः मागितली, तरच." टेबलावरचं पेन त्यांनी सरळ केलं. "एक विचारायचं राहिलंय. त्या आठवड्यातले दोन दिवस पट्टा दुसऱ्या कुणाच्या हातात होता का? मनगट लहान वाटतंय. चालही वेगळी आहे."

"मशीनवर हातात काय घालू देत न्हाईत," संग्राम आठवत म्हणाला. "मधी दोन दिवस मी तो घरीच इसरलो. वर्षा शाळेत मिरवाय घेऊन…"

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. पूर्णिमा खुर्चीतून अर्धी उठली होती.

पट्टा कुणाच्या हातात आहे हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. समोर येईल त्याचा तो हिशेब मांडतो. हे तिच्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कुणाला नीट माहीत असेल, तर ते डॉक्टरांना.

"सर, तुमी ते बघितलंय?"

"बघितलंय," ते म्हणाले. "पण दोन दिवसांच्या नोंदीवरून काहीच ठरत नाही. शिवाय लहान मुलांवर हे यंत्र पारखलेलंच नाही. त्याला काही अर्थ नाही, ताई."

"चांगलं असतं तर सांगितलं असतं की तुमी," संग्राम म्हणाला.

"चांगलं असतं तरी सांगितलं नसतं. नियमच तसा आहे."

संग्राम पूर्णिमाकडं बघत होता. निर्णय त्यानं तिच्यावर सोडला होता. तिला वाटलं, कॉम्प्युटरचा पडदा हातानं आपल्याकडं फिरवावा. एकदाच बघावं. चांगलं असलं, तर आजची झोप तरी लागेल. आणि नसलं, तर सातवीतल्या पोरीची वेणी रोज कुठल्या हातांनी घालायची?

"पुसून टाका," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

डॉक्टरांनी पुसलं. एका कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. सही करताना संग्रामचं पेन घसरलं, ते तिघांनीही बघितलं.

त्यानंतर संग्रामनं लेथ सोडला आणि मालकानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मे महिन्यात वर्षाला घेऊन तिघंही कुरुंदवाडला गेली. संग्राम मामांच्या गादीला टेकून तासभर बसला. त्यानं मामांचा हात दाबून धरला नाही, नुसता आपल्या हातात ठेवून हलू दिला. येताना वर्षानं विचारलं, "पप्पा, तुमचं पण असं हुणार?" संग्राम म्हणाला, "व्हय, हळूहळू." आणि माझं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही पुढं काही सांगितलं नाही.

पूर्णिमानं नोकरी सोडली नाही. डॉक्टर धैर्यशील दर महिन्याला कोल्हापुरात येतात. शाळा सुटल्यावर वर्षा आईला न्यायला ऑफिसात येते. डॉक्टर तिच्याशी आपुलकीनं बोलतात, मार्क विचारतात, क्रिकेटच्या गप्पा मारतात. समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातांकडं आधी बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. चहावाल्याच्याही हातांकडं ते बघतात.

वर्षाच्या हातांकडं मात्र ते कधीच बघत नाहीत. पोरगी बाहेर जाईपर्यंत त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरत नाही. पूर्णिमानं हे पहिल्याच महिन्यात हेरलं. संग्रामला अजून सांगितलेलं नाही.