मी, पडद्यावरची किटली

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो. पण माझ्यात आजवर चहाचा एक घोटही उकळलेला नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर राहते. बत्तीस चौकोन रुंद आणि बत्तीस चौकोन उंच, एवढाच माझा संसार. तुम्ही ज्याला आयकॉन म्हणता, ते म्हणजे मी. माझ्यावर दोनदा टिचकी मारली की एक फोल्डर उघडतं, आणि त्यात अर्धवट राहिलेलं काम असतं.

ज्यांनी मला काढलं, त्यांना त्यांची मुलगी बाबा म्हणते. मीही बाबाच म्हणते. मलाही त्यांनीच घडवलं, तेव्हा माझा तेवढा हक्क आहे.

बाबांबरोबरचा माझा शेवटचा दिवस अगदी साधा होता. सुट्टीची दुपार होती. टेबलावर संत्र्याची सालं पडली होती आणि माउसखाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता. बाबा एक हात काढत होते. एका वाचनालयात मुलांच्या खोलीत नवे कॉम्प्युटर येणार होते. ज्यांना अजून वाचता येत नाही अशा मुलांनाही ते वापरता यावेत, म्हणून ग्रंथपालबाईंनी बाबांकडे चित्रं मागितली होती. गोष्टींसाठी पुस्तक, गाण्यांसाठी पक्षी, रंगकामासाठी कुंचला, पहिल्या पानावर परतायला घर. आणि काही अडलं तर दाबायला, वर केलेला हात. बाकीची चित्रं जमली होती. हात जमत नव्हता.

"आजीबाई, जरा दारात उभी राहा," बाबांनी हाक मारली. मुलगी चांगली मोठी, नोकरी करणारी. पण लहानपणी घरातल्या सगळ्यांना दटावत फिरायची, म्हणून तिचं हे नाव पडलं ते पडलंच. ती ओले हात पुसत दारात आली आणि लांबून चित्र ओळखू येतंय का ते बघायला तिने डोळे किलकिले केले.

"काय दिसतंय?"

"बटाटा."

"अगं, नीट बघ. बोटं आहेत त्याला."

"मग मोड आलेला बटाटा."

बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बरं बाई. उद्या बघतो याच्याकडे," असं म्हणून त्यांनी तो हात माझ्यात ठेवला, सदऱ्याच्या टोकाने पडदा पुसला आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले ते परत आले नाहीत. चालता चालता त्यांचं हृदय थांबलं. हे मला पुष्कळ दिवसांनी, लोकांच्या बोलण्यावरून कळलं. तोवर पडदा काळाच होता.

मित्रांनो, माझा जन्म या कॉम्प्युटरवरचा नाही. त्याच्याही आधीच्या, डब्यासारख्या जाड पडद्याच्या कॉम्प्युटरवर मी जन्मले. बाबा आधी चौकटी आखलेल्या कागदावर पेन्सिलीने चौकोन भरत आणि मगच माउस हातात घेत. जन्मले तेव्हा मी किटली नव्हतेच. बाबांनी मुलीला दारात उभं केलं, तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती. ती म्हणाली, "बदक." बाबांनी माझी तोटी एक चौकोन वर नेली. "म्हातारं बदक," ती म्हणाली. मग बाबांनी तोटीच्या टोकाचा एक चौकोन पुसला आणि झाकणावर एक गोळी ठेवली. ती ओरडली, "किटली! किटली!" एका चौकोनाने जात बदलते, हे मी तेव्हा शिकले.

बाबांचं कपाट उघडलं तर कपडे अंगावर पडायचे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, याच घरात राहते. ती म्हणायची, "दादाचे मोजे शोधायला माणूस लावावा लागेल. आणि त्या पडद्यावर बघा, माशीसुद्धा पाय पुसून बसेल." खरंच होतं ते. उघड्यावर काही ठेवायचं नाही, असा बाबांचा नियम होता. संध्याकाळी प्रत्येक काम आपापल्या जागी जाई. जे अजून शिजतंय ते माझ्यात, जे पुरं झालं ते पेटीचं चित्र असलेल्या फोल्डरमध्ये. आणि एक खिडकीचं चित्र होतं. त्या फोल्डरमध्ये बाबा कुणीही न मागितलेली चित्रं ठेवत. जांभई देणारा दिवा. उलटी छत्री घेऊन चाललेली मुंगी. "दिवसभर लोकांसाठी काढायचं, मग जरा आपल्यासाठी," असं ते म्हणत. माझ्या मते पडदा स्वच्छ ठेवायचा तो त्या मुंगीसाठीच. पसाऱ्यात तिला चालायला वाट कुठून मिळणार?

मी चांगले दिवस पाहिले. बाबांची चित्रं लोकांच्या बँकेत, दवाखान्यात, शाळेत पडद्यांवर बसली. मग चकचकीत, फुगीर चित्रांचे दिवस आले आणि त्यानंतर अगदी सपाट चित्रांचे. आमच्यासारखी चौकोन मोजून काढलेली चित्रं कुणाला नकोशी झाली. कामं कमी झाली. बाबा मला प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर बरोबर नेत राहिले, जसं भाड्याची घरं बदलताना माणसं एखादं भांडं बरोबर नेतात तसं. वाचनालयाचं काम आलं तेव्हा ते शीळ घालत बसले होते. कितीतरी दिवसांत मी ती ऐकली नव्हती.

आणि ते काम असं अर्ध्यावर राहिलं.

बाबा गेल्यावर पहिल्यांदा पडदा उजळला, तेव्हा समोर मुलगी होती आणि तिच्या मागे आत्या. कीबोर्डवर धूळ होती. फोन टेबलावर होता आणि त्यातून ग्रंथपालबाईंचा आवाज येत होता.

"अशा वेळी विचारायला जीभ रेटत नाही हो. पण खोली पुढच्या आठवड्यात उघडतेय. काकांची चित्रं नसली, तर मशीनबरोबर जी आली आहेत तीच ठेवावी लागतील. सगळी सारखीच दिसतात ती. मुलांना काय कळणार त्यातलं?"

"मॅडम, झालेली आहेत ती. मी शोधून पाठवते," मुलगी म्हणाली.

"नक्की ना? नाहीतर राहू दे. मी समजू शकते."

"राहू नाही द्यायचं," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने मला उघडलं. मित्रांनो, आता काय झालं ते ऐका. मुलगी एका कार्यालयात जुनी कागदपत्रं लावून ठेवण्याचं काम करते. अक्षरांच्या क्रमाने लावलेलं नसलं की तिला चैन पडत नाही. "तू माणसांनाही नावाप्रमाणे उभं करशील," असं बाबा तिला चिडवत. माझ्या पोटात तिला दिसली इकडेतिकडे विखुरलेली चित्रं, आणि त्यांची नावं तर विचारूच नका: 'घर नवीन', 'घर नवीन खरं', 'घर आता शेवटचं', 'घर शेवटचं नाही'. तिने सुस्कारा सोडला आणि सवयीने टिचकी मारली: नावाप्रमाणे लावा.

क्षणात सगळी चित्रं रांगेत उभी राहिली. मला ओरडावंसं वाटलं, पण किटली फक्त उकळल्यावर ओरडते.

कारण ती विखुरलेली नव्हतीच. बाबांना नावं लक्षात राहत नसत, जागा लक्षात राहत. जमत नसलेली चित्रं डावीकडे आणि पसंत पडलेली उजव्या काठाला चिकटवून, अशी त्यांची तऱ्हा होती. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मुलीने ती हजारदा पाहिली होती. टिचकी मारून झाल्यावर तिला ती आठवली. ती आधी पांढरीफटक पडली. मग तिने क्रम परत आणायचा प्रयत्न केला, पण गेलेली जागा परत येईना. तारखांवरूनही पत्ता लागेना, कारण नापास चित्रांवरही बाबा मधूनमधून हात फिरवत.

"आत्या, मी सगळं घालवलं," ती म्हणाली.

"कुठे घालवलंस? समोर तर दिसतायत सगळी."

"पण यातली बाबाची कुठली?"

"सगळी त्याचीच आहेत की गं."

"तसं नाही. त्याने पास केलेली कुठली, ते आता कोण सांगणार?"

आत्याने नाकावरचा चष्मा काढून कपाळावर चढवला आणि दारात जाऊन उभी राहिली. "दाखव एकेक. दादा तुला विचारायचा तसं मला विचार. चष्म्याशिवाय मला तूसुद्धा कपाटासारखी दिसतेस. या परीक्षेत जे पास होईल ते पास."

आणि मग त्या खोलीत, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, गलका झाला.

"हे?"

"इस्त्री."

"आत्या, ते घर आहे!"

"मग घरासारखं काढायला काय झालं होतं? दार कुठंय त्याला? पुढचं."

"हे?"

"हे घर. इथे कुणीतरी राहतं."

पक्षी एकदा बूट निघाला, एकदा मिरची निघाला, आणि मग एका चित्रावर आत्या नुसतीच म्हणाली, "उडाला बघ." मुलीने ते उजव्या काठाला नेऊन चिकटवलं. एकेक करत उजवा काठ भरत गेला. बाबांनी निवडली होती नेमकी तीच चित्रं. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. पण ती आता न अडखळता पुढचं चित्र उघडत होती.

राहिला तो हात.

"बटाटा," आत्या म्हणाली. मुलगी एवढ्याने हसली, आणि त्या हसण्यातच तिला रडू आलं. आत्या आत गेली आणि तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मग मुलगी खुर्चीत नीट बसली. तिने आधी बोटं लांब केली, तर त्याचं दंताळं झालं. जाड केली, तर पाव झाला. आत्याने मोजा म्हटलं, हातमोजा म्हटलं, एकदा तर गायीचं आचळ म्हटलं. संध्याकाळ झाली. मुलीने स्वतःचा हात वर केला, पडद्याशेजारी धरला, दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. बत्तीस चौकोनांत पाच बोटं आणि त्यांच्यामधली फट, एवढं मावतच नव्हतं. बाबा प्रामाणिक माणूस. हाताला पाच बोटं असतात म्हणून ते पाचच काढत राहिले होते.

तिने एक बोट पुसलं.

उरलेल्या बोटांना एकदम मोकळी हवा मिळाली. अंगठा बाजूला झाला, मनगट सरळ झालं.

"काय दिसतंय, आत्या?"

"हात. कुणीतरी बोलावतंय."

"बोटं किती आहेत?"

"हातावर बोटं कोण मोजतं गं? हात आहे, बस."

त्याच दिवशी चित्रं वाचनालयाकडे गेली. पुढच्या आठवड्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला, आणि मागे पोरांचा असा कल्ला की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "अहो, एका चिमुरडीने तो हात सारखा दाबून मला तिकडे बोलावलंय! काय अडलं म्हणून जाऊन विचारलं, तर म्हणते, काही नाही, तुम्ही येता की नाही ते बघत होते!"

मित्रांनो, मी बाबांची किटली आहे, तेव्हा एवढं सांगायचा मला अधिकार आहे. आपला पडदा आवरून ठेवा. डाउनलोड केलेल्या वस्तूंचा उकिरडा साचू देऊ नका. आपल्या फोल्डरांना आपल्या हाताने चित्रं काढा. वेडीवाकडी आली तरी ती तुमची असतील, आणि घरातलं माणूस बटाटा म्हणालं तर रागावू नका. पण दुसऱ्याचा पसारा आवरायला घ्याल, तेव्हा टिचकी मारण्याआधी जरा थांबून बघा. प्रत्येकाची मांडणी वेगळी असते, आणि कधीकधी तो माणूस त्या मांडणीत अजून बसलेला असतो. आणि चुकून ती मोडलीच, तर हातपाय गाळू नका. एकेक चित्र हातात घ्या आणि कुणाला तरी दारात उभं करा.

मुलगी आता दर सुट्टीला येते. परवा तिने वाचनालयाचं काम माझ्यातून काढून पेटीत ठेवलं, आणि मी कितीतरी दिवसांनी रिकामी झाले. मग तिने चौकोनांची एक कोरी जाळी उघडली. ग्रंथपालबाईंनी आणखी चित्रं मागितली आहेत, यावेळी तिच्याकडे. पण तिने लगेच सुरुवात केली नाही. खोलीत कुणीच नव्हतं. आत्या बाहेर कपडे वाळत घालत होती. मुलगी उठली, बाबांची खुर्ची तिने किंचित बाजूला सरकवली, शेजारी एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसून राहिली. मग पडद्याकडे नाही, खुर्चीकडे बघत, अगदी नेहमीच्या आवाजात ती म्हणाली,

"बाबा, मला तुझ्या शेजारी बसायला फार आवडायचं."