झाकण नसलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी गॅरेजमधला कॉम्प्युटर. जुना आहे, ते तुम्हाला दिसतंच आहे. पण लगेच चेहरा पाडून 'अरेरे' म्हणू नका. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात म्हणे. छत्री डोळे पुसते, फाटकं पुस्तक सगळ्यांना क्षमा करून मोकळं होतं. मला ते जमायचं नाही. माझा या घरावर राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

शेवटचा साधासुधा दिवस आधी सांगतो. रविवार होता. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. बाबा स्टुलावर बसून शेजाऱ्यांच्या मिक्सरची मोटर उघडत होते. आई माझ्यासमोर बसून पत्त्यांचा डाव लावत होती. पडद्यावरचे पत्ते, एकट्यानं खेळायचे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तशी आई ताडकन उठली आणि आतल्या दारानं स्वयंपाकघरात पळाली. लेकीसमोर ती गॅरेजला उकिरडा म्हणायची. त्या उकिरड्यात बसलेली सापडली असती, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

लेक शटरखालून वाकली. आत आली नाही. ती कधीच आत यायची नाही.

"बाबा, गाडी परत उन्हातच लावू?"

"त्या भिंतीकडे लाव ना, सावली असते."

"घराला गॅरेज आहे आणि गाडी रस्त्यावर. लोक हसतात."

"गॅरेज भरलंय, सरकार." लेक चिडली की बाबा तिला सरकार म्हणायचे. त्यानं ती आणखी चिडायची.

"कशानं भरलंय? तीन पंखे, एकालाही पातं नाही. इस्त्र्यांचा ढीग. आणि हा डबडा."

"डबडा म्हणू नकोस. सुरू होतो अजून."

"सुरू तर तुमची स्कूटरही होते, उतारावरून ढकलली की! पुढच्या महिन्यात माणूस बोलावते आणि सगळं काढून टाकते."

"मी असेपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग नंतर लावते."

बाबा हसले, पण जरा उशिरा हसले. मग त्यांनी पुन्हा मोटरमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या मिक्सरच्या मोटरचे कार्बन आणायला ते बाजारात गेले. दुकानाच्या पायरीवर जरा टेकतो म्हणाले. तिथून उठलेच नाहीत.

आता माझं ऐका. माझा जन्म याच टेबलावर झाला. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांना वरखाली पोहोचवायची सोय करून ते घरी यायचे आणि हातपाय धुतले की गॅरेजमध्ये शिरायचे. लेकीला शाळेच्या अभ्यासाला कॉम्प्युटर हवा होता. दुकानातला घ्यायचा विचार त्यांच्या डोक्यातसुद्धा आला नसेल. बंद पडलेल्या एका ऑफिसातून माझा सांगाडा आला, पडदा दुसरीकडून, कीबोर्ड तिसरीकडून. सुरू करायचं बटण मिळेना, तेव्हा बाबांनी मोडीत निघालेल्या लिफ्टचं बटण बसवलं. त्यावर तीनचा आकडा आहे. दाबलं की पिवळा दिवा लागतो. मित्रांनो, जगात इतके कॉम्प्युटर आहेत, पण ज्याला तिसरा मजला दाबून उठवावं लागतं, असा मी एकटाच असेन. याचा मला अभिमान आहे असं समजू नका.

मी घडत होतो तेव्हा लेक रोज आतल्या दाराच्या पायरीवर येऊन उभी राहायची.

"बाबा, येऊ?"

"नको. धूर आहे."

डाग द्यायला शिशाची तार वितळवली की धूर निघतो, आणि त्या पोरीला दम्याचा त्रास होता. बाबा मान वर न करताच 'नको' म्हणायचे. ती थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी परत, "येऊ?" आणि परत, "नको म्हटलं ना!" पुढे तिनं विचारणं सोडलं. बाबांना वाटलं, शहाणी झाली पोर. मला तेव्हाच दिसलं होतं, ती जाताना दार आपटून गेली. पण मला कोण विचारतो? माझा तर कीबोर्डही अजून जोडलेला नव्हता.

मग मी हॉलमध्ये गेलो. पहिल्या दिवशी बाबांनी अख्ख्या गल्लीला बोलावून मला सुरू करून दाखवलं. "घरी केलाय!" प्रत्येकाला सांगायचे. माझं काय कौतुक! तेवढंच. नंतर लेकीच्या मैत्रिणी यायला लागल्या. "अगं, कितव्या मजल्यावर उतरायचं?" त्या खिदळायच्या. लेक लाल व्हायची. त्या गेल्या की माझ्या कुशीत एक चापट. तिचा सगळा अभ्यास माझ्यावर झाला, नोकरीचा पहिला अर्जसुद्धा माझ्यावरच लिहिला, पण बाहेर कुणाला सांगायची वेळ आली की म्हणायची, मैत्रिणीकडे जाऊन केला. मी तिथेच होतो, मित्रांनो. मी ऐकत होतो.

तिला नोकरी लागली, चपटा लॅपटॉप आला आणि मला गॅरेजमध्ये हलवलं. अंगावर जुनी चादर. पालीनं माझ्यामागे अंडी घातली. आपण कुणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडलो, म्हणजे ते आपल्याला जपतील, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचा गैरसमज आहे.

पुढे बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी मला पुन्हा उघडलं. नवी डिस्क घातली. तिची केबल आखूड पडली, म्हणून ती अशी काही तिरकी ओढून बसवली की वरून झाकण लावलं की ती दबायची आणि निसटायची. दुसरा कुणी असता तर लांब केबल घेऊन आला असता. बाबांनी झाकण खिळ्याला टांगलं आणि विषय संपवला. त्या दिवसापासून मी उघड्या पोटानं जगतो आहे. थंडी, धूळ, मुंग्या, सगळं आत.

आई पहिल्यांदा भांडायलाच आली होती.

"चहा दोनदा गरम करून झाला. हे घर आहे की उकिरडा?"

"बस जरा. ही राणी बघ, कुठे ठेवू?"

"काळ्या राजावर. दिसत नाही का? सरका तिकडे!"

झालं. दुसऱ्या दिवशी ती आपला चहा घेऊनच आली. दुपारभर बाबांचं खुडबुडणं आणि तिचा डाव, आणि मधून मधून एकमेकांवर खेकसणं. बाबा गेल्यावरही ती येत राहिली. डाव लावायची, तीनचं बटण दाबून मला बंद करायची आणि जायची. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि लेक गॅरेज रिकामं करायला आली. तोंडाला ओढणी, हातात पोती. भंगारवाला संध्याकाळी येणार होता. ती कामाला मोठी टापटिपीची. प्रत्येक वस्तू पोत्यात घालण्याआधी पुसत होती, सुटलेलं बूच लावत होती, लोंबणारी वायर गुंडाळत होती. बाबांच्या वस्तू अशा उघड्यावाघड्या परक्याच्या हाती द्यायच्या नाहीत, एवढीच तिची माया. मग माझी पाळी आली. खिळ्यावरचं झाकण तिला सापडलं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, माझ्यावर बसवलं आणि चारही स्क्रू असे पिळले, असे पिळले, की माझ्या आत काहीतरी करकचलं. सजवून पाठवणी करत होती माझी!

आतल्या दारात आई उभी होती.

"त्याला का हात लावलास?"

"आई, भंगारवाला येईल आता. आत जा तू, धूळ आहे."

"तो कुठेही जायचा नाही."

"अगं, जन्मभर तूच तर उकिरडा, उकिरडा म्हणत आलीस!"

"मी म्हणेन. माझा उकिरडा आहे."

"बंद पडलेला डबडा आहे तो."

"बंद? लाव बघू."

लेकीनं बटण दाबलं. पिवळा दिवा लागला, पंखा घुरघुरला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही.

"बघ. मेलाय."

"काल चांगला चालू होता," आई म्हणाली. "झाकण काढ ते. झाकण लावलं की तो रुसतो. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"काल? काल कोण बसलं होतं इथे?"

"मी. रोज बसते. ते होते तेव्हाही बसायचे. ते त्यांचं करायचे, मी माझा डाव लावायचे."

लेकीनं हातातलं फडकं पोत्यावर आपटलं. मग तिचा आवाज चढला. "म्हणजे तुम्ही दोघं इथे मजेत बसत होतात, आणि मला झाकणाचं ठाऊक असायला हवं होतं? मला कुणी घेतलं का या गॅरेजमध्ये? कधी?"

"तुला दमा होता, बाई! तुला उशीला टेकवून रात्र रात्र बसायचे ते. सकाळी तसेच कामावर जायचे. म्हणून नको म्हणायचे. पुढे तू फिरकेनाशीच झालीस, तेव्हा म्हणायचे, तिला लाज वाटते आपल्या कामाची, कशाला बोलवा."

"हे मला एकदा तरी सांगायचं."

"आणि तू? 'नंतर हात लावते' म्हणालीस. मी ऐकलं ते, आतून."

बाहेर भंगारवाल्यानं शटर वाजवलं. "काही द्यायचं नाहीये, जा तू," असं ओरडत आई पुढे गेली. तो म्हणाला, ताईंनीच बोलावलंय, आणि त्या दोघांची तिथेच जुंपली.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी काहीतरी विनवणी करतो. मी विनवणी करणार नाही, दम देतो. आम्हाला फेकायचं तर खुशाल फेका. पण दाराशी कुणी 'येऊ का' म्हणून उभं असेल आणि तुम्हाला नाही म्हणायचं असेल, तर हातातलं काम खाली ठेवा, त्याच्याकडे बघा आणि का ते सांगा. काम पळून जात नाही.

लेकीनं पेचकस उचलला. तीन स्क्रू निघाले. चौथा तिनंच इतका पिळला होता की त्याची खाच गेली होती. पेचकस घसरला, बोटाला लागलं, तिनं शिवी दिली आणि पक्कडीनं तो उपटून काढला. झाकण निघालं. निसटलेली केबल तिला दिसली. तिनं ती दोन बोटांनी आत दाबली, जशी बाबा दाबायचे, आणि बटण दाबलं. हट्टानं बंद राहायचं माझ्या मनात होतं. चापटा मी विसरलेलो नाही. पण तिचं बोट बटणावरून हलेना. मी सुरू झालो.

ती बाबांच्या स्टुलावर बसली. तोंडावरची ओढणी तिनं ओढून काढली. आमच्या धुळीनं तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती उठली नाही. समोरच्या टेबलावर मिक्सरची उघडी मोटर अजून तशीच होती. तिच्याकडे बघत ती मोठ्यानं, भांडल्यासारखीच, म्हणाली,

"बाबा, मला इथे बसायचं होतं. तुमच्या शेजारी. खोकला आला असता तर आला असता."