वावरात एकत्र, घरात वेगळं

"बघायचं तितकं बघ, पर सांगत फिरू नको," असं गोजरबाईनं सुनेला आधीच बजावलं होतं. साधनानं मान डोलावली आणि भाजीला फोडणी दिली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला सासूनं काय शिकवावं!

गोष्ट एवढीच होती. हळद काढणीच्या दिवसांत गोजरबाई आणि तांड्यावरची मिराबाई वावरात एकाच फडक्यावर भाकर खायच्या, ठेच्यावरून भांडायच्या. हीच मिराबाई घरी आली की ओसरीखाली बसे. तिचा कपही वेगळा, कोनाड्यातला. दोघींना त्यात वावगं वाटत नसे. निदान तसं दिसत नसे. साधनाची लेक आरोही तेवढी दोन्हीकडे मिराबाईच्या मांडीत बसायची आणि तांड्यातल्या लेकरांसारखी तिला 'याडी', म्हणजे आई, म्हणायची.

यावर साधनानं हिंगोलीच्या एका चर्चासत्रात निबंध वाचला. तिला एम.ए.ला शिकवणाऱ्या रत्नपाल सरांनी सांगितलं होतं, "आपली मतं चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. दिसलं तेवढंच लिहायचं." तिनं तेवढंच लिहिलं. गावाचं नाव गाळलं, बायांची नावं बदलली. मात्र साखरा गावाच्या अलीकडं एम.ए. झालेली सून एकाच घरात होती.

चर्चासत्र संपेपर्यंत बाहेर ठेवलेल्या चपला कुणीतरी घालून गेलं.

निवडणूक तोंडावर आली होती. आरक्षणाचे मोर्चे दोन्हीकडून निघून झाले होते. गावाकडचे पुढारी किशनराव यांनी निबंधाचं पहिलं अर्धं उचललं: "एका फडक्यावर जेवतात! कुठाय भेदभाव?" तांड्याकडच्या शंकरसिंगनं उरलेलं अर्धं: "घरात कप वेगळा! अजून काय पुरावा पाहिजे?" दोघंही खरं बोलत होते. दोघांनीही भाषणात साधनाचे जाहीर आभार मानले.

मग किशनराव कॅमेरावाला घेऊन वावरात आले. "काकू, दोघी जरा जेवायला बसा."

"आज उपास हाय," गोजरबाई म्हणाली.

"कशाचा?"

"तुमी जाईस्तोवरचा."

तांड्यातली पोरं मिराबाईला म्हणाली, "त्या घरी काहून जाती वं?"

"कप माझा वेगळा हाय, तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?" असं ती म्हणाली खरी, पण यायची थांबली. भावकीनं गोजरबाईला चार गोष्टी ऐकवल्या. गोजरबाई वावरात एकटी जेवू लागली. आरोही रोज दाराकडं बोट करून 'याडी, याडी' करायची.

साधनानं सरांना फोन लावला. "सर, माझा निष्कर्ष खोटा ठरला. आता त्या वावरातही वेगळ्या जेवतात."

"अरे वा," सर म्हणाले. "म्हणजे पुढचा निबंध तयार आहे."

परवा मिराबाईच्या लेकाचा, रणजीतचा फोन आला. तो आणि तिच्या घरातले सगळे ऊसतोडीला गेलेले. "वैनी, याडी फोन उचलून न्हाई राहिली. बीपीची गोळी घेती का न्हाई, काय समजंना." मिराबाई ती गोळी एरवी गोजरबाई अंगावर ओरडल्याशिवाय घेत नसे. फोन चालू असताना गोजरबाई दारातच उभी होती. तिनं नुसतं "जा," म्हटलं.

साधना आरोहीला काखेत घेऊन निघाली. तांड्याच्या तोंडाशी पोरं मोबाईल धरून उभीच. "या मॅडम. पुन्हा पाहणी कराले आल्या का?"

"मिराबाईला बघायला आले."

"बरी हाय ती."

"तुम्ही पाहिलं का तिला?"

"बरी हाय म्हनलं न्हवं." एकानं व्हिडिओ सुरू केला. आरोही रडायला लागली. साधना मागं फिरली.

आता ती ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटली आहे. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. त्या रस्त्यानं गेलात तर तांड्याच्या शेवटच्या घरात डोकावा. तुम्ही ना किशनरावांचे, ना शंकरसिंगचे. तुम्हाला कुणी अडवणार नाही. हाक दिल्यावर ओ आली नाही तर दार लोटा. आणि आधी जेवली का ते विचारा; उपाशीपोटी गोळी देऊ नका.