हलकं स्टेरिंग

"हात काढा, भाऊ! सोडा, सोडा!" योगेंद्र ओरडला. पण तोवर स्टेरिंगने असा हिसडा दिला, की रामभाऊंचा उजवा अंगठा मुरगळला. जीप जागच्या जागी उभी, इंजिन चालू, आणि चाकं आपल्याच मनाने वळून करकरत थांबलेली. बॉनेटखालून तेलाची चिळकांडी उडाली ती थेट योगेंद्रच्या शर्टावर.

"बघ! बघितलंस?" रामभाऊ अंगठा चोळत म्हणाले. "मी म्हनत नवतो? माजा हात बरा हाय. गाडीच आयकत नाय."

दुखत होता अंगठा, पण चेहरा बघाल तर कसा अगदी सुटल्यासारखा. दोष गाडीत निघाला, आणखी काय हवं होतं त्यांना!

रामभाऊ कळंबचे. कर्जत ते कळंब सवारीची जीप चालवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. अडलेल्या बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, भाताची पोती नेली. गेल्या साली अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. पाय सावरला, हातही वर उठायला लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. पण तेवढ्या महिन्यांत जीपचं इंजिन उभ्या उभ्या जाम झालं. लोक म्हणाले, द्या भंगारात. रामभाऊ कसले ऐकतात! लोधिवलीला योगेंद्रच्या गॅरेजात जीप ओढून आणली आणि म्हणाले, "इंजिन दुसरं बसव, आनि पॉवर स्टेरिंग लाव. येका हातानं वळली पायजे."

अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं इंजिन मिळालं, त्याच्या पॉवर स्टेरिंगच्या तेलाच्या पंपासकट. ते जीपमध्ये बसलं. स्टेरिंगचा बॉक्स, म्हणजे त्या तेलाच्या जोरावर चाकं वळवणारी पेटी, मात्र दुसऱ्याच कुठल्या लहान गाडीचा. तिथेच सगळं घोडं अडलं.

योगेंद्रला आधी वाटलं, पाइपात हवा धरली असेल. हवा काढली, तेल बदललं, तरी हिसडे तेच. शेवटी खोपोलीहून एकाचं प्रेशरचं मीटर मागून आणलं आणि पंपाला जोडलं. स्टेरिंग टोकाला नेताच काटा असा उडाला, की योगेंद्रने घाईघाईने इंजिनच बंद केलं.

"पंप मोटा हाय, भाऊ, आनि बॉक्स बारका. पंप ढकलतोय तेवढं बॉक्सला पेलत नाय."

"मंग दुसरा पंप?"

"या इंजिनाला दुसरा बसायचा नाय. ह्याचंच प्रेशर उतरवतो."

त्याने पंपाची जादा प्रेशर सोडून देणारी झडप खोलली. पितळेच्या पत्र्याचे पातळ वायसर कापले, घासले, आणि झडपेच्या स्प्रिंगचा ताण सैल होईल असे बसवले. पहिल्या खेपेला जास्तच सैल झालं. इंजिन मंद चालत असलं की स्टेरिंग जात्यासारखं जड व्हायचं. परत खोला, एक वायसर काढा, परत जोडा. रामभाऊ बाकावर बसून सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होते. डावा हात मांडीवर, त्याच्यावर उजवा.

पारूबाई, त्यांची बायको, भाकरी घेऊन आली तेव्हा योगेंद्र एका बोटाने स्टेरिंग फिरवून दाखवत होता. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, लोण्यातून बोट फिरावं तसं. मीटरचा काटा जागेवर. कुठे हिसडा नाही, गळती नाही.

"काय हात हाय रं तुजा!" रामभाऊंना राहवलं नाही. "अगं, बघितलंस का? उद्यापास्नं सवारी चालू!"

पारूबाईने जीपकडे बघितलं, मग नवऱ्याच्या हाताकडे. "चालवा की. मी कुठं नको म्हनते? पन पयली सवारी माजी. लोकांची लेकरं मंगच बसवायची."

"बस ना! नवी नवरी हाईस का, घाबरतेस ती?" रामभाऊ हसले. ती हसली नाही. पदर खोचून मागच्या बाकावर जाऊन बसली.

योगेंद्र शेजारी बसला, निघताना गियर त्यानेच टाकून दिले. गॅरेजमागच्या रस्त्याने जीप निघाली. दोन्हीकडे कापून झालेली भाताची खाचरं, मधे वालाची हिरवी पट्टी. स्टेरिंग खरंच झकास झालं होतं. उजव्या हाताने नुसतं म्हणायचा अवकाश, की जीप वळत होती. रामभाऊंचा ऊर भरून आला. वर्षभर ते बायकोच्या हातून चहा प्यायले होते, परक्याच्या आधाराने जिने चढले होते. आता पुन्हा आपल्या पायावर, छे, आपल्या चाकांवर!

पुढे वळण होतं. गियर उतरवायला त्यांनी डावा हात खाली नेला. हात पोचला की नाही, काही कळेना. दांड्यावर आहे की बाजूला? बघायला त्यांनी मान खाली घातली.

"आवो!" मागून पारूबाई किंचाळली.

सायकलवरून शाळेतली एक पोर येत होती. योगेंद्रने स्टेरिंग धरून ओढलं, रामभाऊंचा पाय ब्रेकवर गेला. जीप बांधाला घासून थांबली. पोर सायकलसकट खाचरात पडली, उठली, फ्रॉक झटकला, आणि या तिघांकडे रागाने बघून चालती झाली. कुठे खरचटलंही नव्हतं. दैव!

रामभाऊंचा डावा हात अजून दांड्याच्या बाजूला सीटच्या कडेला चिकटलेला होता, आणि बोटं मुठीसारखी वळलेली. ती कडच गियरचा दांडा समजून ते धरून बसले होते.

"स्टेरिंग वडतंय अजून," ते हळूच म्हणाले.

योगेंद्रने त्यांच्याकडे बघितलं नाही. याच माणसाने त्याला गाडी शिकवली होती. "होय भाऊ," तो म्हणाला. "वडतंय खरं. परत खोलून बघतो. पंदरा दिस गाडी ऱ्हाऊ द्या माज्याकडं."

पोरगं आपल्यासाठी खोटं बोलतंय, हे रामभाऊंना लगेच कळलं. इतकं सुंदर केलेलं काम, आणि आपली लाज झाकायला तो त्यालाच नावं ठेवतोय! पंधरा दिवसांनी तो आणखी काही बिघाड काढील, मग आणखी काही. पारूही मान डोलावील.

"नाय रं," ते म्हणाले. "गाडीत कायबी खोट नाय. तू चालव."

ते उतरले, जीपला वळसा घालून डाव्या बाजूला आले. पारूबाईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

चौक गावावरून कर्जतला येईपर्यंत रामभाऊ समोर बघत राहिले. कर्जतच्या चार फाट्यावर शेवग्याच्या शेंगांची पाटी घेऊन त्यांच्या गावची धोंडूबाई कळंबच्या गाडीची वाट बघत उभी होती. जीप ओळखून ती धावतच आली.

"रामभाऊ! चालू झाली का गाडी?" आणि मग तिला ते स्टेरिंगवर दिसेनात. "आनि तुमी हितं कसं?"

"गाडी चालू झाली, बाई," रामभाऊ म्हणाले. डावा हात त्यांनी उजव्याने उचलून मांडीवर घेतला आणि तिला जागा द्यायला ते आत सरकले.